डीझेल एंजिनाची देखभाल व दोषनिवारण

डीझेल एंजिन सुरक्षितपणे व अखंड चालावे म्हणून नियमितपणे घ्यावयाची काळजी आणि बिघाडाचे कारण क्रमाने शोधून तो दूर करण्याची पद्धत. रूडोल्फ डीझेल या जर्मन अभियंत्यांनी १८९७ मध्ये यशस्वी करून दाखविलेल्या या एंजिनात ठिणगीची योजना नसते. सिलिंडरातील हवेचे आकारमान सु. चौदाव्या ते बाविसाव्या हिश्शापर्यंत कमी केले म्हणजे ती ५००° से. च्या वर तापते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेटते. म्हणून स्वच्छ हवा, स्वच्छ इंधन व पुरेसे संपीडन यांवर एंजिनाचे कार्य अवलंबून असते.

परभणी जिल्ह्यात विहिरींवरील पंप, पिठाच्या गिरण्या व जिनिंग कारखाने यांसाठी ही एंजिने वापरली गेली. वीजपुरवठा वाढल्यावर विजेच्या मोटारींनी त्यांची बरीच जागा घेतली. तथापि वीज नसते किंवा खंडित होते तेथे पंपसंच व जनित्रसंच यांसाठी त्यांची गरज उरतेच. पाण्याच्या पाळीला एंजिन बंद पडल्यास पिकाची हानी नंतर भरून निघत नाही. काळ्या मातीची बारीक धूळ, रुईचे तंतू, उन्हाळ्यातील ४०° से. वरील तापमान व विहिरींचे क्षारयुक्त पाणी यांमुळे येथे देखभालीस विशेष महत्त्व आहे.

देखभाल : तेलाच्या हवागाळणीतील तेल धुळीच्या दिवसांत रोज पाहावे व गाळ साचताच बदलावे. गाळणीतून सुटलेली धूळ दट्ट्याची कडी व सिलिंडर झिजविते आणि संपीडन घटते. इंधन गाळून भरावे. टाकी सायंकाळी भरून ठेवल्यास रात्री तीत दव धरत नाही. गाळणीच्या तळाचे पाणी वेळोवेळी काढावे. वंगणाची पातळी एंजिन बंद व सपाट जागी असताना पाहावी. वंगण उत्पादकाच्या पुस्तिकेतील मुदतीनुसार, धुळीच्या जागी त्याआधीही, बदलावे. शीतनासाठी शक्यतो मृदू पाणी वापरावे. क्षारांचा थर बसला की उष्णता बाहेर पडत नाही. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले तंतू काढावेत.

दोषशोध : प्रथम सोप्या व बाहेरच्या गोष्टी तपासाव्यात. इंधनपंप व अंतःक्षेपक (मिस्त्रींच्या भाषेत नोझल) अगदी शेवटी उघडावेत, कारण त्यांचे भाग अतिसूक्ष्म मापांचे असतात. एंजिन सुरू होत नसल्यास टाकीतील इंधन, तोटी व गाळणी पाहावी. टाकी रिकामी झाली असल्यास नळ्यांत हवा शिरते. गाळणीवरील व नंतर पंपावरील स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत इंधन वाहू द्यावे आणि स्क्रू पुन्हा आवळावा. प्रचक्र हाताने फिरविताना संपीडनाचा लवचिक विरोध जाणवत नसेल, तर झडपा, कडी किंवा शीर्षाचे गॅस्केट सदोष असते.

धुराचा रंग हे उपयुक्त लक्षण आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा भार जादा. निळा म्हणजे वंगण जळत आहे. पांढरा धूर न जळलेल्या इंधनाचा असतो. तो थंड एंजिनात काही वेळ दिसतो. गरम झाल्यावरही तो टिकल्यास संपीडन, अंतःक्षेपणाची वेळ व पाण्याची गळती तपासावी. वंगणाचा दाब एकाएकी घसरल्यास एंजिन तत्काळ थांबवावे. वेग अनावर वाढल्यास इंधन तोडावे. तेवढ्यानेही न थांबल्यास हवेचे तोंड फळीने झाकावे, हाताने नव्हे.

सुरक्षितता : अंतःक्षेपकाची धार त्वचेत घुसू शकते, तिच्यासमोर हात धरू नये. केंद्रोत्सारी पंप व्यवहारात सु. ६–७ मी. पेक्षा खोलीवरून पाणी ओढू शकत नाही. पातळी खाली गेल्यावर एंजिनासह पंप विहिरीतील कट्ट्यावर उतरविला, तर कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू विहिरीत साचून जीवघेणा ठरू शकतो. म्हणून एंजिन नेहमी जमिनीवरच ठेवावे आणि खोल पाण्यासाठी पाण्याखाली बसविता येणाऱ्या पंपासारखी वेगळी योजना करावी. वायू साचलेल्या विहिरीत बेशुद्ध पडलेल्यास काढण्यासाठी श्वसनसाधनाविना उतरणारा स्वतःही बळी पडतो.