न हादरता सरकणारी जमीन

प्रस्तरभंगाच्या, म्हणजे खडकांतील भेगेच्या, दोन बाजू काही सेकंदांत किंवा मिनिटांत एकमेकींवरून घसरतात आणि त्यातून निघालेल्या लहरींनी जमीन हादरते, यालाच भूकंप म्हणतात. मात्र हीच घसरण कित्येक आठवडे इतक्या संथपणे चालू शकते की वर राहणाऱ्या माणसांना तिचा पत्ताही लागत नाही, हे गेल्या पाव शतकातील संशोधनाने दाखवून दिले आहे. भूभौतिकीत तिला ‘मंद घसरण’ म्हणतात.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत, कॅस्केडिया पट्ट्यात, हुआन द फुका हा सागरी भूपट्ट वर्षाला सुमारे ४ सेंटिमीटर वेगाने उत्तर अमेरिकेच्या भूपट्टाखाली शिरत आहे. दोहोंमधील भेगेचा वरचा भाग घर्षणामुळे घट्ट अडकलेला असल्याने किनाऱ्यावरचे व्हिक्टोरिया शहर एरवी हळूहळू ईशान्येकडे रेटले जाते. १९९९ च्या उन्हाळ्यात मात्र त्या परिसरातील सात जीपीएस केंद्रे काही काळ उलट दिशेने सरकली, आणि त्या काळात एकही मोठा भूकंप झाला नव्हता. हर्ब ड्रॅगर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार अडकलेल्या भागाच्या खाली, सुमारे ५० बाय ३०० किलोमीटर क्षेत्रात, दोनेक सेंटिमीटर घसरण झाली होती. ती एकदम झाली असती, तर ६.७ परिमाणाचा भूकंप झाला असता. पुढे असे दिसून आले की हा प्रकार साधारण चौदा महिन्यांनी पुन्हा घडतो आणि दर खेपेस व्हिक्टोरिया सुमारे ५ मिलिमीटर मागे येते. काझुशिगे ओबारा यांनी २००२ मध्ये नैर्ऋत्य जपानखाली नोंदवलेल्या, तासन्‌तास चालणाऱ्या क्षीण कंपनांसारखी कंपनेही त्या वेळी उमटतात.

असे का घडते, याचे पुरते उत्तर अजून मिळालेले नाही. पण त्याचे धागे घर्षणात आहेत. काही खडकांत घसरण वेगावली की घर्षण घटते, त्यामुळे वेग आणखी वाढून भूकंप होतो. काहींत वेगाबरोबर घर्षण वाढते आणि घसरणीला आपोआप लगाम बसतो. मंद घसरण या दोहोंच्या सीमेवर होते, असे मानले जाते. खाली शिरणाऱ्या भूपट्टातील खनिजे तापून पाणी सोडतात. ते भेगेत दाबाखाली कोंडले की वरच्या खडकांचा भार अंशतः पेलते आणि दोन बाजूंची पकड सैलावते. ही पकड किती नाजूक असते, हे कंपनांवरून कळते, कारण भरती-ओहोटीने खडकांवर पडणाऱ्या अगदी अल्प ताणानेही ती वाढतात आणि ओसरतात.

मंद घसरणीमुळे साठलेला ताण निघून जातो, म्हणून ती सुरक्षिततेची खूण आहे, असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. खालचा भाग सुटला की वरच्या अडकलेल्या भागावरचा ताण उलट वाढतो, आणि जपानमधील २०११ च्या तोहोकू भूकंपाआधी मंद घसरण झाल्याच्या खुणा लहान भूकंपांच्या नोंदींत सापडल्या आहेत. तरीही बहुतेक मंद घसरणी मोठ्या भूकंपाविनाच विरतात, त्यामुळे त्यांवरून भाकीत करता येत नाही. कॅस्केडियाचा वरचा भाग २६ जानेवारी १७०० रोजी सुमारे ९ परिमाणाच्या भूकंपात सुटला, त्याची त्सुनामी जपानच्या किनाऱ्यावर पोहोचल्याची नोंद तेथील जुन्या दप्तरांत आहे, आणि त्यानंतर तिथे तसा महाभूकंप झालेला नाही.