ढोल वाजला, मोबाइलात पत्रा का?

रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलीस सलामी देतात. त्या घटकेला हात जोडणारे कमी आणि मोबाइल उंचावणारे जास्त, आणि मीही त्यातलाच. एका वर्षी ढोलवाल्यांना अगदी चिकटून उभा राहिलो, दहा मिनिटांचा व्हिडिओ घेतला. घरी येऊन लावला तर ढोल गायब. पत्र्यावर कुणी काठ्या आपटाव्यात तसा नुसता खडखडाट. काका खुर्चीतूनच म्हणाले, ‘‘स्वस्तातला मोबाइल घेतलास, दुसरं काय होणार?’’

मोबाइल तसा स्वस्तातला नव्हता. आणि महागातला असता तरी पत्राच वाजला असता. कारण इथे दोन वेगवेगळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्या होत्या.

पहिली ऐकण्याची. जाडा, खालचा आवाज काढायला पुष्कळ हवा ढकलावी लागते. मंडपातल्या स्पीकरचा पडदा परातीएवढा असतो तो त्यासाठीच. मोबाइलचा पडदा जेमतेम नखाएवढा. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. त्यातलं तीन-चारशेच्या खालचं बहुतेक मोबाइलच्या स्पीकरला झेपत नाही, आणि ढोलाची छातीत घुमणारी थाप नेमकी त्याच्याही बरीच खाली असते. उरतो तो काठीचा टणका आणि ताशाची कडकड. पेटीवर कुठल्याही थ्रीडी, सराउंड किंवा डॉल्बीचं नाव असो, नखाची परात होत नाही. खात्री करायची तर तोच व्हिडिओ साधा वायरवाला इयरफोन लावून ऐकावा. मी ऐकला, आणि ढोल परत आला.

खडखडाट मात्र इयरफोनमध्येही तसाच राहिला. ती दुसरी तक्रार, रेकॉर्डिंगची. मोबाइलचा माइक तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडाच मोठा. त्याच्या ऐपतीबाहेरचा आवाज आला की ध्वनीच्या लाटेचे शेंडे छाटले जातात, आणि छाटलेली लाट कानाला फाटकी लागते. एकदा छाटलेलं पुढे कुठल्याही अ‍ॅपने पुरतं जोडता येत नाही. ‘जितकं जवळ तितकं स्वच्छ’ हे बोलण्याला लागू, ढोलाला नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. गल्लीत भिंतींवरून परततो म्हणून कमी उतरतो, पण उतरतो. दहा-पंधरा पावलं मागे सरणं हा फुकटचा उपाय. शिवाय हाताची करंगळी खालच्या भोकावर तर नाही ना, तेही बघावं. निम्म्या घुसमटलेल्या व्हिडिओंचं कारण ती करंगळीच.

आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅपचंही गणित हेच. ती स्पीकरला बळ देत नाहीत, आधीच भरलेल्या पेल्यात आणखी ओततात. वर सांडतं ते फाटक्या आवाजाच्या रूपाने. रोज असं केलं तर नाजूक पडदा जायचीही भीती.

तिसरी तक्रार पेणची. तिथल्या जोहे गावात माझ्या एका दोस्ताचा गणपतीचा कारखाना आहे. जून-जुलैत तिथे पाय ठेवायला जागा नसते. एकीकडे साचे, एकीकडे रंगाची कॉम्प्रेसर मशीन, आणि मधोमध पोरं मूर्तींवर पॉलिश पेपर मारत बसलेली. पांढरी भुकटी भुवयांवरसुद्धा साचते. त्याचा मोबाइल दिवसभर तिथेच, पाटावर. ‘‘स्पीकर गेला रे, नवीनच घेतो,’’ म्हणाला. उजेडात धरून बघितलं तर स्पीकरची जाळी आणि कानाला लावायची वरची फट, दोन्ही शाडू लिंपावा तशी बुजलेली. मऊ, कोरडा टूथब्रश घेतला, मोबाइल उलटा धरला, हलक्या हाताने झाडला. तिथेच अर्धा आवाज सुटला.

तोवर त्याने स्वतः एक उपाय करून ठेवला होता : मूर्तीच्या दागिन्यांची आखणी करायची बारीक सुई खालच्या भोकात घालून बघितली होती. हा गैरसमज घरोघरी आहे. ते बारीक भोक म्हणजे कचरा अडकलेली जागा नव्हे, त्याच्या मागे माइक असतो. सुई गेली तर पातळ पडदा फाटतो आणि मग समोरच्याला आपलं काहीच ऐकू जात नाही. सिमचा ट्रे काढायचं भोक वेगळं, पण दिसायला ते सख्खे भाऊ. रंगाच्या कॉम्प्रेसरने फुंकर मारणंही नको, धूळ आत जाऊन बसते.

‘रेंज फुल आहे, तरी डब्यातून बोलल्यासारखं येतं’ ही त्याची पुढची कुरकुर. रेंजच्या दांड्या सिग्नलचा जोर सांगतात, आवाजाचा दर्जा नाही. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये फक्त ३०० ते ३,४०० हर्ट्झमधला पट्टा जातो, बाकीचं कापलं जातं. फोर-जीवरच्या व्होल्टी कॉलमध्ये तो पट्टा साधारण ५० ते ७,००० पर्यंत रुंदावतो. पण त्यासाठी दोन्ही टोकांचे मोबाइल आणि मधलं नेटवर्क, सगळ्यांनाच ते जमावं लागतं. एका बाजूला जुना बटणांचा टू-जी मोबाइल असेल तर आपल्या चाळीस हजारांच्या मोबाइलचा काही उपयोग नाही.

आणि हा कापलेला पट्टा कारखान्यात पैशाला लागतो. ‘स’ची सळसळ बहुतेक ४,००० हर्ट्झच्या वर असते. ती कापली गेली की ‘सहा’ आणि ‘दहा’ यांत फरक करायला कानाशी फारसं काही उरत नाही. मुंबईच्या गिऱ्हाइकाने फोनवर सहा इंची सांगितली, दोस्ताने दहा इंची बाजूला ठेवली, आणि मखर आधीच तयार! त्यात ना मोबाइलचा दोष, ना कानाचा. आता तो फोनवर ‘पाचानंतरचे सहा का?’ असं विचारतो. ही युक्ती मला कुठल्याही नव्या फीचरपेक्षा भारी वाटते.

पेण ते रोहा मेमूत एक वेगळाच गैरसमज भेटतो. पेण सोडलं, कासू आलं, की शेजारचा आपले नवे इयरबड्स दाखवत म्हणतो, ‘‘नॉइज कॅन्सलेशन आहे, पण गाडीचा आवाज येतोच.’’ पेटीवर बघितलं तर ‘ईएनसी’ लिहिलेलं. ते आपल्या कानासाठी नसतंच. आपल्या माइकमधून जाणारा भोवतालचा गोंगाट कमी करून समोरच्याला सुख देणारी ती सोय. आपल्या कानात शांतता हवी तर ‘एएनसी’ लागतं. ते बाहेरच्या लाटेला उलटी लाट तयार करून ती मारतं. तेही गाडीच्या एकसुरी घरघरीवर चांगलं चालतं. नागोठण्याला चढलेल्या चणेवाल्याच्या हाळीवर नाही. आणि इयरबडची रबरी टोपी कानात घट्ट बसली नसेल तर एएनसीही व्यर्थ.

मग लोक आवाजच वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास. रोज दीड-दोन तास जाऊन-येऊन करणाऱ्याचा कोटा बुधवारपर्यंत संपतो.

सीडीपेक्षाही सरस आवाजाचा दावा करणाऱ्या ‘हाय-रेस’च्या सोनेरी स्टिकरबद्दल थोडक्यात. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. तेवढ्यात कानाला ऐकू येणारं सगळं मावतं, आणि चाळिशीनंतर वरचं तसंही ऐकू येत नाही. शिवाय गाणं ब्लूटूथवरून ऐकत असाल तर ते वाटेत पुन्हा दाबलं जातंच. साध्या एसबीसी पद्धतीत सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिटच्या आत, एलडॅकमध्ये जास्तीत जास्त ९९० पर्यंत. स्टिकरचे जादा पैसे चांगल्या इयरफोनवर घालावेत.

राहिला व्हॉट्सअ‍ॅपचा प्रश्न. ‘मोबाइलमध्ये छान दिसतो, पाठवला की बिघडतो.’ नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करतं, चित्र आणि आवाज दोन्ही. एचडी निवडलं तरी दाबतं, जरा कमी. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल आहे तशी जाते, २ जीबीपर्यंत.

पुढच्या पालखीला मी कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर, चांगला मागे उभा राहिलो. करंगळी आवरली. इयरफोनवर ऐकलं तर ढोल ढोलासारखा, ताशा ताशासारखा, मधे पोलिसांची सलामीसुद्धा स्पष्ट. मोठ्या हौसेने डॉक्युमेंट करून काकांना पाठवला, वर लिहिलं, ‘इयरफोन लावूनच ऐका.’

काकांनी तो जेवणाच्या टेबलावर मोबाइल उताणा टाकून, स्पीकरवर लावला. ‘‘बघ,’’ म्हणाले, ‘‘यंदाही पत्राच.’’