पदकांचे पंचांग

दिवाळी अंक घरात आला की प्रथम कोणते पान उघडले जाते, हे संपादकांना मी सांगायला नको. कथा नि कविता मागाहून; आधी वार्षिक राशिभविष्य! आमच्या घरीही हाच शिरस्ता आहे. शनी कोणाच्या मानगुटीवर बसला नि गुरू कोणाला पावला, याचा निकाल फराळाच्या ताटावरच लागतो. अशा घरात राहून मलाही भविष्य सांगण्याची खोड जडली, तर नवल नाही. फरक इतकाच की, माझे जातक माणसे नसून चित्रपट आहेत. कोणाच्या नशिबी राष्ट्रीय पारितोषिक आहे नि कोणाची साडेसाती टळत नाही, हे मी गेली वीसेक वर्षे एका जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवीत आलो आहे.

पानाला रकाने दोन. पहिला ‘आवड’, दुसरा ‘अंदाज’. मी परीक्षक असतो तर पदक कोणाच्या गळ्यात घातले असते, ती आवड. दिल्लीचे परीक्षक ते कोणाच्या गळ्यात घालतील, तो अंदाज. आवडीत माणूस खरे बोलतो, अंदाजात शहाणपणा करू जातो. आमच्या प्राध्यापक-कक्षातले गणिताचे सर नि ग्रंथपाल बाई हेही या खेळातले भिडू आहेत. ज्याचे अंदाज सर्वांत जास्त चुकतील त्याने बाकीच्यांना मिसळ द्यायची. आजवरच्या मिसळीचा हिशेब येथे देत नाही. मराठीच्या प्राध्यापकाला तो परवडलेला नाही, एवढेच सांगतो.

पत्रिका मांडायची तर जन्मवेळ अचूक हवी. राष्ट्रीय पारितोषिकांत चित्रपटाची जन्मवेळ म्हणजे सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची तारीख. तो पडद्यावर केव्हा आला, याला तेथे महत्त्व नाही. हा नियम मी शिकलो तो फजिती होऊन. २०१६ च्या मे महिन्यात ‘सैराट’ पाहून आलो. त्या दिवसांत आमच्या भिवंडीत मागांच्या खटखटीलाही त्या गाण्यांचा ताल लागला होता. मी ताबडतोब वही काढली नि पुढल्या वर्षीचे पदक ठळक अक्षरांत लिहून टाकले. ग्रंथपाल बाईंनी शांतपणे चष्मा पुसला नि म्हणाल्या, “सर, ह्याचा निकाल मार्चमध्येच लागला. रिंकू राजगुरूला विशेष उल्लेख मिळालाय. मराठीचं बक्षीस ‘रिंगण’ला गेलं.” चित्रपट २०१५ च्या खात्यावर जमा झाला होता. वऱ्हाड मांडवात पोचण्यापूर्वीच लग्न लागून गेले होते!

दुसरी गोष्ट, निर्मात्याने अर्ज केल्यावाचून चित्रपट स्पर्धेत येत नाही. अर्ज आल्यावर आधी विभागीय परीक्षक बसतात, मग मध्यवर्ती मंडळ बसते. आणि ही मंडळी दर वर्षी नवी असतात. म्हणजे ग्रह तेच, पण ज्योतिषी दर साल वेगळा. असल्या पंचांगात माझ्यासारख्याचे भाकीत खरे ठरले, तर तो योगायोगच समजावा.

तरीही वही चाळताना मौज वाटते. राष्ट्रीय पारितोषिके सुरू झाली १९५४ साली, आणि पहिले राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला. अभिनयाची पारितोषिके तेव्हा नव्हतीच; ती १९६७ च्या चित्रपटांपासून आली. त्यामुळे वनमालाबाईंच्या आईला स्वतंत्र पदक नाही. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ते मी ‘आवडी’त देऊन ठेवले आहे. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान पुन्हा मराठीकडे यायला २००३ च्या चित्रपटांचा निकाल उजाडावा लागला. तो मान संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने आणला. २००४ साली तोच ऑस्करसाठी भारतातर्फे गेला. खर्चासाठी महाराष्ट्राने वर्गणी काढली. मीही शंभराची नोट दिली आणि वहीत ‘नामांकन नक्की’ असे लिहिले. नामांकन मिळाले नाही. पुढे ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ नि ‘कोर्ट’ हे मराठी चित्रपटही त्याच वाटेने गेले नि तसेच परतले. ऑस्करच्या बाबतीत तेव्हापासून मी मौन पाळतो.

‘कोर्ट’ची नोंद मात्र वाचण्यासारखी आहे. २०१४ च्या चित्रपटांत माझा सर्वोच्च पदकाचा अंदाज होता ‘किल्ला’. त्याला मिळाले मराठीतले पारितोषिक, आणि सर्वोच्च मान चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला. २०२३ च्या चित्रपटांचा निकाल लागला १ ऑगस्ट २०२५ रोजी. मी मराठीसाठी ‘आत्मपॅम्फ्लेट’ धरला होता. त्याचे दिग्दर्शक आशिष बेंडे यांना पदार्पणाचे पारितोषिक मिळाले आणि मराठीचे मिळाले सुजय डहाके यांच्या ‘श्यामची आई’ला! साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले एक पुस्तक. त्याने एकाहत्तर वर्षांच्या अंतराने दोनदा पारितोषिक आणले. हे भविष्य कोणत्या पंचांगात असणार? त्या मिसळीचे पैसे मी आनंदाने दिले.

येथवर सारी करमणूक होती. पण एका प्रसंगाने या वहीला तिसरा रकाना जोडला.

२०१७ च्या एप्रिलमध्ये सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला सुवर्णकमळ जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्या चित्रपटावर अर्धा तास बोललो. चौथ्या बाकावर एक मुलगी बसत असे. घरची भाषा तेलुगू, वडील मागावर. मराठी ती शाळेत शिकली, पण निबंध असा लिही की, मराठी घरांतल्या मुलांनी मान खाली घालावी. ती उभी राहिली नि म्हणाली, “सर, हा पिक्चर लागलाय कुठे? आम्हांला बघायचाय.” मी म्हणालो, “अजून लागायचा आहे.” त्यावर तिने अगदी भाबडेपणाने विचारले, “मग तुम्ही कुठे पाहिलात?”

मी पाहिला नव्हता, वाचकहो! वर्तमानपत्रांतल्या चार मजकुरांवर मी अर्धा तास काढला होता. वर्गाला तसे सांगून टाकले. मुले हसली नाहीत, हे मला अधिक लागले. ‘कासव’ त्या वर्षी ऑक्टोबरात पडद्यावर आला, पण आमच्या गावापर्यंत त्याचा माग मला लागला नाही. त्या संध्याकाळी वहीत तिसरा रकाना आखला. त्याचे नाव ‘पोच’. पत्र पोचले की आपण पोच देतो ना, तीच ही. पदक मिळालेला चित्रपट माझ्या वर्गातल्या किती जणांनी पाहिला, तो आकडा येथे लिहायचा. बहुतेक पानांवर या रकान्यात शून्ये आहेत.

आता या वेळचे पंचांग. २०२५ साली पडद्यावर आलेल्या चित्रपटांपुरते ते मर्यादित आहे. जन्मवेळेत एखाद्याची गफलत झाली असल्यास ती ‘सैराट’च्या खाती मांडावी.

सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून माझी आवड रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. बापाच्या दहाव्यापर्यंत मुंबईहून गावी येऊन राहिलेला एक तरुण, त्याचा बालपणीचा मित्र नि त्यांच्यातले हळुवार प्रेम. पण आवाज कोठे चढत नाही. आईला सारे ठाऊक आहे नि ती ते जपते, हे मला फार भावले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथापटांतले सर्वोच्च पारितोषिक मिळाले. अंदाज मात्र पदार्पणाच्या पदकाचा. पोच : एक, म्हणजे मी स्वतः. त्यासाठी मला ठाणे गाठावे लागले.

अभिनयात माझी आवड ‘दशावतार’मधले दिलीप प्रभावळकर. ८१ व्या वर्षी हा नट कोकणातल्या दशावतारी कलावंताचा जीव अंगात भिनवतो, तेव्हा वय कोठल्या कोठे जाते! २००६ च्या चित्रपटांसाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्याचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले होते. मुख्य भूमिकेचे मिळावे ही इच्छा. अंदाज? हिंदीतले एखादे मोठे नाव आडवे येईल, अशी भीती वाटते. अभिनेत्रींत ‘जारण’मधल्या अमृता सुभाष. भीतीच्या चित्रपटाला परीक्षक सहसा गंभीरपणे घेत नाहीत, म्हणून अंदाजाची जागा कोरी ठेवतो. पोच : अनुक्रमे अकरा नि चार.

निखळ करमणुकीचे पारितोषिक मात्र मी आवड नि अंदाज दोन्हींत शिवराज वायचळ यांच्या ‘आता थांबायचं नाय!’ला देतो. मुंबई महापालिकेच्या चतुर्थश्रेणी कामगारांनी रात्रशाळेत बसून दहावी गाठल्याची ही खरी कथा. एका रविवारी वर्गातली नऊ मुले घेऊन एस.टी.ने गेलो. त्यांतला एक जण गोदामातली रात्रपाळी संपवून थेट स्टँडवर आला होता. हा आत जाऊन घोरणार, अशी माझी खात्री! तो घोरला नाही. परतताना खिडकीशी बसून बराच वेळ गप्प होता. कशेळीचा पूल मागे पडल्यावर हळूच म्हणाला, “सर, तो सतरा नंबरचा फॉर्म कुठे मिळतो? आईला विचारून बघतो. सातवीत सुटली तिची शाळा.”

फॉर्म मी आणून दिला आहे. आईने अजून भरलेला नाही. विचार चालू आहे म्हणते. दिल्लीचा निकाल लागेल तेव्हा लागेल नि मिसळीचे पैसेही बहुधा मीच देईन. पण त्या पानावरच्या ‘पोच’ रकान्यात मी नवाचा आकडा खोडून दहा केला आहे. ती बाई चित्रपटाला आली नव्हती, हे मला ठाऊक आहे. गणिताचे सर ही बेरीज मान्य करीत नाहीत. ग्रंथपाल बाई करतात.