कोंबडी आणि औषधाला न जुमानणारे जंतू

गास-नालासोपारा परिसरात रविवारी चिकनच्या दुकानापुढे रांग लागते. पण कोंबडी लवकर वजनदार व्हावी म्हणून तिच्या खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची रीत पडली, हे किती जणांना ठाऊक आहे? अशा अल्प मात्रेने दुबळे जंतू मरतात. चिवट तेवढे उरतात, चक्रवाढ व्याजासारखे वाढतात आणि आपला गुण शेजारच्या जंतूंनाही देतात. कोलिस्टिन हे माणसासाठी जवळजवळ अखेरचे औषध. त्यालाही निष्प्रभ करणारे जनुक चीनमध्ये डुकरांतील व मांसातील जंतूंत सापडल्याचे २०१५ साली जाहीर झाले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये पशुपालनात कोलिस्टिनवर बंदी घातली. उशिराच, पण बरे झाले. मांस पूर्ण शिजले की जंतू मरतात. धोका आहे तो कच्चे मांस कापलेल्या सुरीने, न धुता, कोशिंबीर चिरण्यात.