एका चाकापायी

फायनल इयरला आमच्या ग्रुपकडे ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र होतं. पाऊस पडून गेला की परभणीच्या काळ्या रानात त्याचं चाक रुतायचं. म्हणून चाकाचा व्यास ४० सेंमीवरून ५० केला. ड्रॉइंगवर एक आकडा बदलला, एका दुपारी वेल्डिंग झालं, संपलं!

पहिल्याच तासाला मागून चालणारे शेतमालक काका म्हणाले, "पोरांनो, बी तर वरच दिसायलंय की."

आमच्या यंत्रात हे चाक फ्रेमची उंची ठरवतं आणि चेनने बियाण्याची चकतीही फिरवतं. त्रिज्या ५ सेंमी वाढली, तसे ॲक्सल, फ्रेम आणि फणही तेवढेच वर उचलले गेले. सोयाबीन पडायला हवं ३ ते ४ सेंमी खोल. ते मातीत जाणार कसं?

दुसरी चूक तर दिसतही नव्हती. चाकाचा घेर सव्वापट झाला, पण एका फेऱ्यात चकती बी तेवढंच टाकणार. परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस ४५ × ५ सेंमी, म्हणजे हेक्टरी सुमारे ४ लाख ४४ हजार झाडं. आमच्या चाकाने दोन बियांत ६.२५ सेंमी अंतर पडलं असतं आणि झाडं राहिली असती ३ लाख ५६ हजार. नुसते फण खाली घेतले असते तर ही घट उगवण झाल्यावरच कळली असती. तोवर काकांची पेरणीची वेळ गेलेली!

१९८१ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलातले टांगते पूल कोसळून ११४ माणसं गेली. मूळ ड्रॉइंगमध्ये वरचा आणि खालचा पूल एकाच लांब सळईवर होते. जोडायला सोपं म्हणून दोन सळया केल्या, त्यामुळे खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला लटकला. तिथल्या नटवर भार दुप्पट झाला. हिशेब मात्र कोणी पुन्हा मांडला नाही.

सरांनी आम्हाला कोरा कागद दिला. उभे-आडवे दोन्हीकडे यंत्राचे सगळे भाग लिहायचे. ज्या दोन भागांत भार, गती किंवा जागेचा संबंध, तिथे फुली. चाकासमोर ५ फुल्या आल्या: ॲक्सल, फ्रेम, स्प्रॉकेट, चेनचं गार्ड, माती खरवडायची पट्टी. पण खरी गंमत पुढे आहे. फ्रेमची ओळ धरली की फण सापडतात, स्प्रॉकेटची धरली की चकती. पहिल्या पायरीवर थांबलं की हे दोन्ही सुटतात, आणि आम्ही तर तिथवरही गेलो नव्हतो.

मग फण खाली घेतले, चाकावरचं १६ दातांचं स्प्रॉकेट २० दातांचं केलं, चेन वाढवली, गार्ड आणि पट्टी सरकवली. रानात जायच्या आधी चाक जॅकवर उचललं, एका नळीखाली पिशवी बांधली आणि हाताने १० फेरे दिले. १५.७ मीटरला ३१४ बिया हव्या होत्या. आल्या ३०६.