अथांगाचा तळ

समुद्राच्या पोटात गेलेली वस्तू कायमची नाहीशी होते, हा माणसाचा जुना समज आहे. पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेने तो खोटा ठरविला आहे.

पॅसिफिक भूपट्टाचा १५ कोटी वर्षांहून जुना, थंड व जड झालेला भाग येथे फिलिपीन समुद्राच्या भूपट्टाखाली वाकून शिरतो. त्यातूनच ही अर्धचंद्राकृती दरी निर्माण झाली. तिचा सर्वांत खोल तळ सुमारे १०,९०० मीटर खाली आहे; एव्हरेस्ट शिखर त्यात उभे केले, तरी त्याच्या माथ्यावर दोन किलोमीटर पाणी उरेल. तेथील दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारपटींहून अधिक असतो. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार व डॉन वॉल्श हे दोघे या तळाशी सर्वप्रथम पोहोचले.

सूर्यकिरण जेथे पोहोचत नाही, तेथेही जीवसृष्टी आहे. वरच्या थरांतील मृत जीवांचे अवशेष हळूहळू खाली उतरतात, आणि बहुतेक जीव त्यांवरच जगतात. गर्तेचा आकार नरसाळ्यासारखा असल्याने हे अन्न तळाशी एकवटते. दुर्दैवाने, त्याच वाटेने विषही येते.

विद्युत रोहित्रांच्या तेलात वापरली जाणारी 'पीसीबी' ही रसायने अमेरिकेने १९७९ साली बंद केली. तथापि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या गर्तेतील कोळंबीसारख्या लहान जीवांच्या शरीरात ती आढळली. सर्वाधिक बाधित जीवांतील त्यांचे प्रमाण चीनमधील प्रदूषित लिआओ नदीच्या पाण्यावरील भातखाचरांतल्या खेकड्यांपेक्षा पन्नासपट होते. २०१९ सालच्या पाहणीत तर येथून तपासलेल्या अशा प्रत्येक जीवाच्या पोटात कृत्रिम तंतू वा कण सापडले.

किरणोत्सर्गी कचरा अशा गर्तांत टाकावा, भूपट्टाबरोबर तो पृथ्वीच्या पोटात गडप होईल, असाही विचार एकेकाळी मांडला गेला होता. परंतु भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटरच सरकतो. कचऱ्याला एक किलोमीटर पुढे जाण्यास हजारो वर्षे लागतील. तोवर तो तेथील जीवांच्याच सहवासात राहणार. समुद्रात असा कचरा टाकण्यास १९९३ साली आंतरराष्ट्रीय बंदी आली, ती म्हणूनच योग्य होय.

प्लास्टिक व रसायनांच्या बाबतीत मात्र केवळ समुद्रात टाकण्यावर बंदी घालून भागणार नाही. ती नदीनाल्यांतून आणि हवेतूनही समुद्रात जातात. त्यांना आवर घालावयाचा, तर तो जमिनीवरच, उत्पादनाच्या ठिकाणीच घालावा लागेल. जे दृष्टीआड झाले ते संपले, असे मानण्याची सोय आता उरलेली नाही.