तंबू, वारा आणि आपण चौघं!

वीकेण्डला फॅमिलीसकट कॅम्पिंगचा प्लॅन आहे? मग आधी वाऱ्याशी ओळख करून घ्या. भूमच्या माळावर तो हमखास भेटतो!

पवनचक्क्या कुठे उभारतात? जिथे वारा सगळ्यात जास्त, तिथे. आणि आपण तंबू कुठे लावतो? जिथे व्ह्यू सगळ्यात भारी, तिथे. गंमत म्हणजे बऱ्याचदा या दोन्ही जागा एकच निघतात. लोच्या तिथेच होतो!

धाराशिव जिल्ह्यातलं भूम हे माझं आजोळ. बालाघाटच्या रांगांमधला हा तालुका. खव्याच्या भट्ट्या आणि कुंथलगिरीचं जैन सिद्धक्षेत्र ही त्याची जुनी ओळख. आता या भागातल्या माळांवर पवनचक्क्याही दिसतात. मी, बायको आणि दोन मुलं, आम्ही थंडीत मामांच्या रानात तंबू लावतो. ना रिसॉर्टचं बुकिंग, ना डीजे. रात्री आभाळभर चांदण्या आणि सकाळी ताजा पेढा. पण इथला वारा काही पाहुण्यांची लाज धरत नाही. त्यामुळे गाठी मारायच्या कशा, यापेक्षा तंबू लावायचा कुठे आणि काढायचा कधी, हे आम्ही इथे शिकलो.

वाऱ्याचं गणित

पवनचक्की साधारण ताशी ११ ते १४ किलोमीटर वाऱ्याला फिरू लागते आणि ताशी ९० च्या आसपास स्वतःला बंद करून घेते. एवढं लोखंडी धूड, पण कुठे थांबायचं ते त्याला कळतं. तंबूला असा ब्रेक नसतो. तो आपणच लावायचा!

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. फॅमिली तंबूची एक बाजू समजा तीन मीटर रुंद आणि सहा फूट उंच आहे. ताशी २० किलोमीटर वाऱ्यात तिच्यावर ढोबळमानाने दहा किलोचा दाब पडतो. ताशी ४० ला चाळीस किलोचा आणि ताशी ६० ला नव्वदचा! म्हणजे एक धडधाकट माणूस तंबूवर रेलून उभा आहे असं समजा. दोघांचा बुटका ट्रेकिंग तंबू जिथे निभावून नेतो, तिथे आत उभं राहता येणारा ऐसपैस फॅमिली तंबू आडवा होतो, तो यामुळेच.

आधी वारं, मग व्ह्यू

‘‘आधी वारं कुठून येतंय ते बघ, मग मेख ठोक,’’ हे मामांचं पेटंट वाक्य. मूठभर बारीक माती हवेत सोडायची, बस्स. वाऱ्याची दिशा कळली की तंबूची अरुंद आणि बुटकी बाजू वाऱ्याकडे करायची, दार विरुद्ध बाजूला. दारातून वारं आत शिरलं की तंबूचा फुगा होतो.

डोंगराचं टोक आणि कडा टाळा. उताराच्या आडोशाला किंवा उंच बांधामागे जागा शोधा. पण ओढ्याच्या पात्रात नको, वर कुठे पाऊस झाला तर पाणी तिथेच येणार. झाडाखाली तर नकोच नको. एप्रिल २०२३ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या पारसला वादळात मंदिराच्या आवारातल्या टिनाच्या शेडवर कडुनिंबाचं मोठं झाड कोसळलं आणि सात जणांचा जीव गेला. पत्र्याखाली ही गत, तर कापडाचं काय घेऊन बसलात? पवनचक्कीच्या पायथ्याशीही तंबू नको. आणि रान कोणाचंही असो, मालकाला विचारल्याशिवाय मेख ठोकू नका.

आपल्यासाठी कापडाखाली झोपणं म्हणजे वीकेण्ड. पण मराठवाड्यातल्या या पट्ट्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि हंगामभर लेकराबाळांसह कोपीत राहतात. कोपी बघा कशी असते! खाली रुंद, वर निमुळती, वाकूनच आत शिरावं लागेल एवढी बुटकी. हौस म्हणून नाही, गरज म्हणून आलेला हा आकार. वाऱ्याला धरायला सपाट भिंतच मिळत नाही. तंबू विकत घेताना उंचीच्या मोहात पडण्याआधी एवढं आठवा.

मेख कशी, दोरी कशी?

वाऱ्याकडच्या मेखा आधी, बाकीच्या नंतर. मेख सरळ उभी ठोकायची नाही. तिचं टोक तंबूकडे आणि डोकं तंबूपासून लांब झुकलेलं हवं. दोरी आणि मेख यांच्यात काटकोन झाला की पकड पक्की.

भूमच्या माळावर खरी परीक्षा जमिनीची. वीतभर मातीखाली मुरूम नाहीतर खडक. तंबूसोबत मिळणाऱ्या बारीक मेखा तिथे वाकतात. सळईच्या जाड मेखा गावातल्या लोहाराकडून करून घ्या. तरीही शिरत नसतील तर दोरी मोठ्या दगडाला बांधा आणि त्यावर दुसरा दगड ठेवा. काळ्या रानात उलटा प्रकार. मेख लोण्यासारखी जाते आणि ओल लागली की तशीच बाहेर येते! तिथे पोतं मातीने भरून, त्याला दोरी बांधून हात-दीड हात खोल पुरायचं. ते उपटायला वाऱ्याला चांगलाच घाम गाळावा लागेल.

आणि हो, तंबूच्या बाहेरच्या कापडाला ताणाच्या दोऱ्या असतात. फोटोत बऱ्या दिसत नाहीत म्हणून त्या पिशवीतच ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. सगळ्या बांधा, आणि समोरासमोरच्या दोऱ्यांना सारखाच ताण द्या. नायलॉन दवाने सैल पडतं, म्हणून झोपण्याआधी एकदा फेरी मारून दोऱ्या पुन्हा ओढून घ्या. सुताची दोरी मात्र भिजली की आखडते, ती किंचित ढिली ठेवा.

गुंडाळा आणि निघा!

इथे जून ते ऑगस्ट वारा सलग वाहतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचा भरवसा नसतो. म्हणून मुलांसोबत जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तरीही निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा बघाच. उघड्या माळावर ताशी ४० किलोमीटरच्या वर वारा सांगितला असेल तर फॅमिली तंबू घरीच बरा.

तिथे असताना आभाळ काळवंडलं आणि अचानक गार झुळूक आली, की ‘वाह!’ म्हणून सेल्फी काढत बसू नका. ढगातून खाली कोसळलेली ती हवा असते. मागून काही मिनिटांतच वादळ येतं, तेही वेगळ्याच दिशेने. मुलांना आधी गाडीत बसवा. वेळ असेल तर पोल काढून तंबू जमिनीवर आडवा करा आणि वर दगड ठेवा. वेळ नसेल तर तंबू सोडून द्या. वीज चमकल्यावर तीसच्या आत आकडे मोजेपर्यंत गडगडाट ऐकू आला, तर गाडीबाहेर थांबायचंच नाही. तंबू विजेपासून वाचवत नाही, काचा बंद केलेली गाडी वाचवते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

तंबू काही हजारांत पुन्हा मिळतो. त्यात झोपणारी मंडळी नाही मिळत, बॉस!

बॅग भरताना

● जाड मेखा आठ-दहा, शिवाय हातोडी.
● नायलॉनची जादा दोरी, दोन रिकामी पोती.
● अंधारात पाय अडकू नये म्हणून दोऱ्यांना चमकणारी पट्टी.
● प्रत्येकासाठी टॉर्च. मुलांचे बूट तंबूच्या दारातच, हाताशी.
● शेगडी किंवा निखारे तंबूत कधीच नाही. आग आणि विषारी वायू, दोन्हींचा धोका.
● गाडी जवळच उभी, तोंड रस्त्याकडे, किल्ली खिशात.
● मोबाइलवर ‘मौसम’ आणि पुण्याच्या आयआयटीएमचं विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप.